स्टीव्हियाचे थेंब, एरिथ्रिटॉल, मंक फ्रूट: दहा महिने घरी वापरून पाहिले, जसं आलं तसं सांगते

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून बरंच आत. घरी पाच माणसं, साखर महिन्याला पाच किलो, आणि त्यातली अर्धी तरी नुसती चहात जायची. बाबांची म्हणजे माझ्या सासऱ्यांची शुगर मागच्या जुलैत निघाली. पेरण्या आटोपल्या होत्या, डवरणी चालू होती, पायात काटा गेला तो पंधरा दिवस झाले तरी भरून येईना म्हणून दवाखान्यात नेलं, तर उपाशीपोटी १९० आणि तीन महिन्यांची शुगर ८.९. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि साखर बंद म्हणाले. बाबा वय ६४, आयुष्यभर शेतात राबलेला माणूस, बाहेर आल्या आल्या म्हणाले, "मंग चहाच बंद कर म्हना ना सरका." घरी आले आणि दोन दिवस कोणाशी बोलले नाही.

तिथून माझं हे सुरू झालं. मी काही डॉक्टर नाही, बारावी सायन्स झालेली आहे आणि लेबल वाचता येतं, एवढंच. पण इथं दहा महिन्यांत साखरेऐवजी गोडीसाठी वापरायचे चार प्रकार विकत आणले, चहात टाकले, सरबतात टाकले, पोळ्याला पुरणात टाकले, त्याचे पैसे गेले, एकदा जीवावरही बेतलं, म्हणून सगळं लिहून ठेवते, कोणाच्या घरी नवीन शुगर निघाली असेल तर कामी येईल.

आधी मी मोजून पाहिलं. बाबांचा चहा दिवसातून सहा वेळा, सकाळी उठल्यावर, न्याहारीला, शेतात दोनदा, दुपारी, संध्याकाळी. कपात दोन चमचे साखर. एक चमचा पाच ग्रॅमचा धरला तर दिवसाला ६० ग्रॅम नुसती चहातली, म्हणजे २४० कॅलरी. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराची वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आसपास ठेवली तर उत्तम. म्हणजे बाबांचं सकाळी आठ वाजायच्या आत त्यातलं बहुतेक संपून जायचं. हा हिशोब बघितल्यावर मला एक गोष्ट पक्की कळली, सण वर्षातून दहा येतात, चहा दिवसातून सहा वेळा येतो, तेव्हा आधी चहा धरायचा.

पहिली खरेदी फसली. तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये गेली, म्हणलं साखरेऐवजी नैसर्गिक काही द्या, त्याने हिरव्या पानाचं चित्र असलेला डबा काढून दिला, वर मोठ्या अक्षरात हर्बल आणि झिरो लिहिलेलं. घरी येऊन मागची बाजू वाचली तर पहिलं नाव माल्टोडेक्स्ट्रिन आणि दुसरं स्वीटनर ९५५. स्वीटनर म्हणजे साखरेऐवजी गोडी देणारी वस्तू, आणि लेबलवर प्रत्येकीचा असा एक नंबर असतो. ९५५ म्हणजे सुक्रालोज, कारखान्यात साखरेच्या रेणूवर क्लोरीन बसवून केलेलं. ते वाईटच असं मी म्हणत नाही, परवानगी असलेली वस्तू आहे, पण मी मागितलं वेगळं आणि मिळालं वेगळं. आणि माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे स्टार्चपासून केलेली भुकटी, पोटात गेली की साखरेसारखीच झटकन रक्तात उतरते. एका पुडीत एखादा ग्रॅमच असते म्हणून शुगर काही भडकत नाही, पण सहा चहाला दोन दोन पुड्या टाकल्या की बारा ग्रॅम झाले की नाही? मग झिरो कशाला लिहायचं समोर. परत द्यायला गेली तर फोडलेला डबा घेत नाही म्हणाला. तेव्हापासून नंबर पाठ करून टाकले: ९६० म्हणजे स्टीव्हिया, ९६८ म्हणजे एरिथ्रिटॉल, ९५५ सुक्रालोज, ९५१ अस्पार्टेम, ९५४ सॅकरिन. समोरचं पान बघू नका, डबा पलटवा आणि नंबर बघा.

मग स्टीव्हियाचे, म्हणजे एका झाडाच्या गोड पानांच्या अर्काचे, थेंब मागवले. ऑनलाइन. आमच्या गावापर्यंत कुरियरवाला येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागते, तेवढा एक फेरा धरून चला. छोटी बाटली, २०० च्या आसपास पडली. मला वाटलं एवढ्याशा बाटलीचे दोनशे रुपये म्हणजे लुटलं, पण आम्हाला ती जवळपास दोन महिने पुरली, कारण पानातला हा जो गोड अर्क आहे तो साखरेपेक्षा २०० ते ३०० पट गोड असतो. कपाला दोन थेंब. तीन टाकले की बिघडला.

पहिल्या दिवशी बाबांनी घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "हे काय दिलं वं, आधी गोड लागते अन मांगून कडू कडू लागून रायलं." बरोबरच होतं त्यांचं. स्टीव्हियाचा गोडवा जिभेवर जरा उशिरा येतो, आणि गेला की मागं ज्येष्ठमधाची कांडी चघळल्यासारखी चव राहते. शिवाय आपला चहा म्हणजे साखर पाण्यातच टाकून उकळायची, त्याने चहाला जो दाटपणा येतो, ओठाला जो चिकटपणा लागतो, तो थेंबाने येत नाही. चहा गोड होतो पण पातळ वाटतो. यावर मी आठ दहा दिवस डोकं लावलं. आता करते असं, अद्रक ठेचून जास्त टाकते, दोन पानं गवती चहाची, दूध थोडं वाढवते आणि चांगला दोन उकळ्या जास्त येऊ देते, पहिला कप बाबांचा बिनसाखरेचा गाळून घेते, त्यात वरून थेंब, आणि उरलेल्या भांड्यात बाकीच्यांची साखर टाकून परत एक उकळी. अद्रकाच्या तिखटात तो मागचा कडूपणा दबून जातो. उकळत्या चहात टाकलं तरी स्टीव्हिया काही बिघडत नाही, पण वरून टाकलं की मोजता येते. तिसऱ्या आठवड्यात बाबांनी काही न बोलता कप रिकामा करून मोरीजवळ ठेवला तेव्हा मला काय वाटलं ते मलाच माहीत.

एक गोष्ट वाचून मला फार बरं वाटलं होतं. हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पॅराग्वेकडचं, तिथले ग्वारानी लोक कित्येक पिढ्यांपासून याची पानं त्यांच्या माते नावाच्या पेयात टाकतात, म्हणजे त्यांचा चहाच म्हणा. १८९९ मध्ये बेर्तोनी नावाच्या वनस्पती अभ्यासकाने त्याची नोंद केली. जपानमध्ये १९७० च्या दशकापासून हे खाण्यात आहे, आणि आपल्याकडे एफएसएसएआयने, म्हणजे खाण्याच्या वस्तूंना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१५ मध्ये स्टीव्हियाच्या शुद्ध अर्काला परवानगी दिली. बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंजे थ्या लोकायले बी चहाच गोड करायचा होता." हाव, म्हणलं, अगदी तेच.

लिंबाच्या सरबतात तर थेंब चहापेक्षाही छान बसतात. आंबट असलं की स्टीव्हिया खुलतो, कडूपणा अजिबात जाणवत नाही, चिमूटभर मीठ आणि जिरेपूड टाका. कैरीच्या पन्ह्याला पण चाललं, फक्त गुळाचा रंग येत नाही, पन्हं पोपटी दिसते. आमच्या आईंना (सासूबाईंना) तो रंगच आवडला नाही, त्यांनी आपला गुळाचा वेगळा तांब्या केला.

आता पुरणाचं सांगते, कारण सगळ्यात जास्त चूक मी तिथं केली. पोळा आला. बैलाला नैवेद्य पुरणपोळीचा, आणि बैलाला दिल्यावर बाबा स्वतः खाणार नाहीत असं आमच्या घरात कधी झालं नाही. मी म्हणलं बाबांसाठी वेगळं पुरण करू. थेंब पुरणाला चालत नाही हे मला कळत होतं, कारण पुरणाला नुसता गोडवा नाही तर गूळ लागतो, डाळीत गूळ पडला की ते आधी सैल होते, रटरटते, मग आटत आटत असं येते की झारा उभा राहतो. थेंबाने डाळ डाळच राहते, कोरडी ठक्क. म्हणून ५०० रुपयांचं अर्धा किलोचं एरिथ्रिटॉलचं पाकीट मागवलं, त्यात स्टीव्हिया मिसळलेला होता. दिसायला हुबेहूब साखर. हे मक्यासारख्या स्टार्चपासून ग्लुकोज काढून त्याला यीस्ट लावून आंबवून करतात, साखरेच्या ६० ते ७० टक्के गोड, आणि कॅलरी जवळपास शून्य, कारण शरीर ते वापरतच नाही, बहुतेक सगळं लघवीतून तसंच निघून जाते.

गरम गरम पुरण चाखलं तर मस्त. माझा जीव भांड्यात पडला. पण बारा वाजेपर्यंत ते थंड झालं आणि त्याचे खडे व्हायला लागले, पोळी लाटताना पोळपाटावर कचकच वाजायला लागलं, पोळी दोन ठिकाणी फाटली. आणि तोंडात टाकली की गारवा. एरिथ्रिटॉलचा तो गुणच आहे, तोंडात विरघळताना थंड लागते. सरबतात ते बरं वाटेल, पण तुपात भिजवलेल्या पोळीत? बाबांनी एक घास खाल्ला, माझ्याकडं पाह्यलं, म्हणाले, "पुरनात कापूर पडला का वं?" मग मी ती ताटली उचलली आणि गुळाच्या पुरणाची एक लहान पोळी दिली, तूप घालून, त्या दिवशी त्यांचा भात बंद केला. डॉक्टरांना नंतर सांगितलं तर तेही म्हणाले, सणाला असंच करत जा, एक लहान आणि भात नाही. पाकावरचं पण सांगून ठेवते, दिवाळीत लाडूला प्रयत्न केला, एक तार येतच नाही. साखरेचा पाक साखरेचाच होतो.

एरिथ्रिटॉल मी नंतर बंदच केलं, आणि त्याचं कारण चव नाही. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या लोकांचा अभ्यास आला होता, ज्यांच्या रक्तात एरिथ्रिटॉल जास्त सापडलं त्यांच्यात पुढं हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त दिसले, आणि रक्ताची गुठळी होण्याशी त्याचा संबंध असावा असंही त्यांना दिसलं. याच्यानेच होते असं त्याने सिद्ध होत नाही, आपलं शरीर स्वतःसुद्धा थोडं एरिथ्रिटॉल बनवते. पण बाबांना बीपी आहे. माझ्या घरात बीपीचा माणूस असताना चमच्या चमच्याने रोज घालायची वस्तू जर अशी शंकेची असेल तर मी घालणार नाही. बाकीचं पाकीट कपाटात पडून आहे.

मंक फ्रूट आणलं पुतण्याने, पुण्याहून, दिवाळीला येताना. सगळ्यात महाग, लहानसं पाकीट सहाशेच्या वर. हे चीनच्या दक्षिणेकडं, ग्वांगशी भागात होणारं वेलीवरचं फळ, लुओ हान गुओ म्हणतात, त्यातले मोग्रोसाइड नावाचे घटक गोड असतात. चव खरंच सगळ्यात चांगली, कडूपणा जवळपास नाहीच. बाबा म्हणाले हे साखरच आहे, फसवू नको. पण पाकीट पलटवलं तर काय, एरिथ्रिटॉल ९९ टक्के आणि मंक फ्रूट १ टक्का! समोर फळाचं चित्र, आत तेच पोळ्याचं पुरण. फळाचा अर्क इतका गोड असतो की चिमूटभरच लागतो, म्हणून साखरेसारखं दिसावं यासाठी त्यात काहीतरी भरावं लागते, हे समजू शकते, पण सहाशे रुपये मग कशाचे? नुसत्या अर्काची मिळत असेल तर घ्या, नाहीतर आमच्यासारख्या घरात हे परवडत नाही.

झाडाचं पण सांगते, कारण गावात दोघीतिघींनी विचारलं. डिसेंबरात नर्सरीतून स्टीव्हियाचं रोप आणलं, गोड तुळस म्हणून देतात. मोरीच्या पाण्याजवळ कुंडीत लावलं, थंडीभर छान फुटलं, पान चावलं तर खरंच गोड, माझी पोरगी येता जाता तोडून खायची. पान चहात उकळलं तर मात्र गवताचा वास येतो आणि कडूपणा थेंबापेक्षा दुप्पट. अमेरिकेत तर आख्ख्या पानाला आणि कच्च्या अर्काला खाण्यातला स्वीटनर म्हणून मान्यताच नाही, फक्त शुद्ध केलेल्या अर्काला आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडं जे ऊन पडते त्यात आठ दिवसांत काड्या झाल्या. गोणपाट बांधलं होतं, तरी नाही वाचलं.

आणि गुळाचं. "गुळाचा चहा चालते शुगरले" हे मला या दहा महिन्यांत निदान तीस जणांनी सांगितलं असेल. नाही चालत. गूळ म्हणजे बहुतेक साखरच, थोडं लोह वगैरे असते पण शुगर तेवढीच चढते. आम्ही मशीन घेतली आहे, एकदा चहानंतर तपासूनच बघितलं, मग आईंनी ऐकलं.

आमच्या ह्यांनी पण थेंब सुरू केले होते, पोट कमी करायचं म्हणून. मी थांबवलं. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं की वजन कमी करायला म्हणून असले स्वीटनर वापरू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही, आणि त्यात स्टीव्हियाचं नाव पण आहे. ज्यांना आधीच शुगर आहे त्यांच्यासाठी मात्र तो सल्ला नाही. म्हणून बाबांचे थेंब चालू आणि ह्यांची साखर दोनाची एक चमचा, मग अर्धा. पोरीला तर मी देतच नाही, तिला गोडाची सवयच कमी लागू दे.

आता जे सांगायला मी खरं बसली ते. नोव्हेंबरात वेचणी चालू होती. बाबांनी सकाळी गोळी घेतली, आणि वेचणाऱ्या बाया लवकर न्यायच्या होत्या म्हणून चतकोर भाकर खाऊन निघाले. मी थर्मास भरून दिला, थेंबांचा चहा. साडेअकराच्या सुमारास बाबांना थंडगार घाम, हात थरथर, धुऱ्यावरच बसले. बायांना शुगरचं माहीत होतं, एकीने धावत थर्मास आणला आणि दोन कप चहा पाजला. गोड लागला म्हणून सगळ्यांना वाटलं पोटात साखर गेली. पंधरा मिनिटं झाली, बाबा बरळायला लागले. साखर गेलीच नव्हती! माझ्याच हातचा चहा, गोड, आणि त्यात काही नाही. एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या शिदोरीतला गुळाचा खडा काढला आणि बोटाने थोडा थोडा तोंडात घातला, गिळत आहेत का बघत बघत. मी पोचली तोवर बाबा डोळे उघडून माझं नाव घेत होते. ज्या गुळासाठी मी घरात भांडत होती तोच त्या दिवशी देवासारखा आला.

डॉक्टरांनी गोळीचा डोस कमी केला, आणि मला समोर बसवून सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिते. गोळी घेऊन जेवण चुकवायचं नाही. शुगर उतरली तर खरी साखर, तीन चमचे पाण्यात, पंधरा मिनिटांनी तपासा, नाही चढली तर परत द्या, मग काहीतरी खायला घाला. स्टीव्हिया, शुगर फ्री, काहीच त्या वेळी चालत नाही. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा. हे कोणत्याच बाटलीवर मी लिहिलेलं पाहिलं नाही, आणि माझ्या मते ते सगळ्यात मोठ्या अक्षरात पाहिजे.

बाबांची तीन महिन्यांची शुगर आता ७.३ आहे. गोळ्या आहेत, संध्याकाळचं चालणं आहे, भात कमी केला आहे, त्यात थेंबाचा वाटा किती हे मला वेगळं काढता येत नाही. पण चहा सुटला नाही म्हणून बाकीचं सगळं त्यांनी ऐकलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घ्यायचंच असेल तर थेंब घ्या, पाठीमागं ९६० असलेले, सोबत माल्टोडेक्स्ट्रिन नसलेले, चहा आणि सरबतापुरते. मी तर पाचपैकी चार देईन. फेब्रुवारीपासून बाबांचे दोन थेंबांचा एक झाला, त्यांनीच सांगितलं, "दोनानं लय गोड होते."

थर्मासच्या कडीला मी लाल दोरा बांधून ठेवला आहे. तुरीच्या सोंगणीला बाया बदलल्या तेव्हा नव्या बायांना जुन्यांनीच सांगितलं, लाल दोऱ्याच्या चहात साखर नसते, साखर थैलीत आहे. थैलीच्या आतल्या खिशात तीन चमचे साखरेची पुडी असते, प्लास्टिकमध्ये गाठ मारून. ओल धरली की मी बदलते.